कौलाचा फोटो

"हा फोटो मी काढलेला नाही," प्रेरणा म्हणाली. "आणि संध्याकाळी गावकी बसायच्या आत हे सिद्ध व्हायला हवं."

भोरच्या एसटी स्टँडामागच्या ऑफिसात खासगी तपासनीस सुप्रिया कोंढाळकर मोबाईलवरचा फोटो मोठा करून पाहत होती. तिची जीप चालवणारा सोनबा खांद्यावरून डोकावला आणि त्याने झटकन हात जोडले. वेल्ह्याकडच्या प्रेरणाच्या वाडीतला भैरवनाथ! देवाच्या अंगावरून निसटलेली कळी अजून हवेतच होती.

"कौल लावतानाचा फोटू? लई वंगाळ, पोरी!"

देवाला कळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, उजवी पडली तर होकार. कळी पडेपर्यंत कुणी ब्र काढायचा नाही. फोटो तर नाहीच. यंदाचा प्रश्न पालखीच्या पहिल्या खांद्याच्या मानाचा होता. दोन घरं त्यावरून भांडत होती.

"वाडीच्या ग्रुपवर आलेल्या या फोटोच्या माहितीत माझं नाव निघालं," प्रेरणा म्हणाली. "आईला पाणवठ्यावर बायका घागर भरू देईनात. आज निकाल विरुद्ध गेला, तर खोऱ्यातल्या एकाही लग्नात मला फोटो काढायला उभं करणार नाहीत."

तिने कॅमेरा टेबलावर ठेवला. कडांचा रंग उडालेला, जडशीळ. सोनबाने तो उचलला.

"ह्याच्यापरीस वरवंटा हलका."

त्याचं बोट बटणावर पडलं. खटाक्! सोनबाच्या हातून कॅमेरा सुटता सुटता वाचला.

"काका, जपून! नवीन साधा घेण्यापेक्षा जुना पण दणकट घ्यावा म्हटलं. भोरच्या फोटोग्राफर स्वरूपदादांनी नवं मॉडेल आणलं, तेव्हा हा मला विकला."

सुप्रियाने त्या कॅमेऱ्यातला पालखीचा एक फोटो लॅपटॉपवर उघडला. माहितीत छायाचित्रकाराच्या रकान्यात नाव होतं : स्वरूप.

"म्हंजी कॅमेरा चोरीचा?" सोनबाने डोळे वटारले.

प्रेरणा गोरीमोरी झाली. "दादांनीच कधीतरी भरलं असेल. असं नाव आत असतं, हेच मला ठाऊक नव्हतं."

सुप्रियाने लॅपटॉप मिटला. "काका, गाडी काढा."

देवळात गुरव कोंडिबा सभामंडप झाडत होता.

"मोबाईल समद्यांचे दाराशी पाटीत ठिवले व्हते, माजा बी," तो म्हणाला. "कॅमेरेवाले दोगंच. ही पोरगी अन् भोरचा स्वरूप. छबिन्याच्या मिरवणुकीचे फोटू काढाय आल्याले. म्या बजावलं, कॅमेरा गळ्यात ऱ्हाऊ द्या, पर कायबी वाजलं तर कौल मोडला. पुन्यांदा पयल्यापासनं."

"मग मोडला?"

"न्हाई. एका दमात लागला. माशी भणाणली असती तरी ऐकाय आली असती."

पारावर दत्ता भेटला. पालखीचा मान त्याच्याच घराचा गेला होता.

"फोटू म्याच ग्रुपवर टाकला. राग व्हता, खोटं कशाला बोलू? पर मला तो अनोळखी नंबरावरनं आला."

"नाव कसं कळलं?"

"साधा न्हाई, डॉक्युमेंट म्हणून आल्याला. तसा आला की आतली माहिती शाबूत ऱ्हाती. छायाचित्रकार, प्रेरणा. बाकीचे रकाने कोरे."

"ह्योच तो," सोनबा सुप्रियाच्या कानाशी कुजबुजला. तिने मान हलवली, पण ती होकाराची की नकाराची, ते त्याला कळलं नाही.

दिवस कलता स्वरूप आला. गावकीनेच त्याला साक्षीला बोलावलं होतं. गळ्यात नवा कॅमेरा.

"मी गप बसून होतो. बाकी मला माहीत नाही," तो म्हणाला. "हिला तेव्हाच सांगितलं होतं, नवं घे. त्या भंगारावर काय काम होणार?"

"तरी लग्नाची कामं हिलाच मिळतात," सुप्रिया म्हणाली.

"लोकांना कळत नाही, ताई."

सभामंडप भरला. प्रेरणा खांबाला टेकून उभी होती. तिची आई आलीच नव्हती. सुप्रिया उठली.

"मोबाईल पाटीत होते. म्हणजे फोटो दोघांपैकी एकाच्या कॅमेऱ्यातला." तिने प्रेरणाचा कॅमेरा उचलला.

खटाक्! दगडी गाभाऱ्यातून आवाज उलटून आला.

"याच्या आत आरसा आहे. फोटो काढताना तो उडतोच, आवाज होतोच. कौल मोडला असता. स्वरूप, तुमचा द्या."

स्वरूप रेंगाळला. मग पट्टा गळ्यातून निघाला. सुप्रियाने कॅमेरा कोंडिबाकडे रोखला. सगळे कान देऊन बसले. काहीच वाजलं नाही. तिने पडदा फिरवला, त्यावर कोंडिबाचा आ वासलेला चेहरा होता.

"नव्यात आरसाच नाही. हा मुका करता येतो."

"पण नाव तिचं आहे!" स्वरूप ओरडला.

"तिथेच तुम्ही फसलात. जुना कॅमेरा विकताना आतलं स्वतःचं नाव पुसायचं तुम्ही विसरलात. तिच्या प्रत्येक फोटोच्या माहितीत आजही 'स्वरूप' उमटतं. हा तिने काढला असता, तर यावरही तेच असतं. 'प्रेरणा' हे नाव कुणीतरी नंतर कॉम्प्युटरवर भरलं, आणि कॅमेऱ्याची खूण सांगणारे रकाने पुसले. वर ते नाव दिसावं म्हणून फोटो डॉक्युमेंट करून धाडला. जिला आत नाव असतं हेच ठाऊक नाही, ती हे उद्योग करील?"

स्वरूपने हात पुढे करून आपला कॅमेरा परत घेतला.

"नवं मॉडेल मी आणलं," तो अखेर म्हणाला, "आणि लोक मी टाकलेल्या कॅमेऱ्यामागं गेले."

सोनबाने दत्ताकडे चोरून पाहिलं आणि कान खाजवला.

"पोरी, तू सुटलीस," कोंडिबा म्हणाला. "घरी जा."

प्रेरणा जागची हलली नाही. "मी सुटले. आणि आई?"

दत्ता उठला.

"ग्रुपवर म्या टाकला व्हता," तो म्हणाला. "तिच्या दारात पयला म्याच जातो."

तो पायऱ्या उतरला. त्याच्यामागे कोंडिबा, मग एकेक करत गावकी. वाटेतल्या पाणवठ्यावर बायका भरत्या घागरी तशाच ठेवून उभ्या राहिल्या. प्रेरणा त्यांच्याकडे न पाहता पुढे गेली. थोड्या वेळाने त्यांच्यातली एक बाई भरली घागर डोक्यावर घेऊन प्रेरणाच्या घराकडे चालू लागली.