अर्धा कातरलेला राजाबाबू

“ओ बाई! माह्या राजाबाबूले काऊन कापून राहिली वो?”

दामिनीची कात्री जागच्या जागी थांबली. समोर बादली घेतलेला उंचापुरा पोरगा, शर्ट ओलाचिंब, डोळे वटारलेले. आणि तिच्या गुडघ्यांत दाबलेला त्याचा मेंढा… एका बाजूनं चक्क भादरलेला!

चोरखमाऱ्याच्या तलावाकाठी मेंढीपालक संघाचा वार्षिक मेळावा भरला होता. लोकर कापून दाखवायचं काम दामिनीकडं होतं, आणि तिच्यासारखा हात अख्ख्या संघात कुणाचा नव्हता. मेंढा दिसला, धरला, आडवा पाडला. तो स्पर्धेतला आहे हे तिला काय स्वप्न पडणार होतं?

“सालेकशावरून आनला बाप्पा, उद्याच्या देखन्या मेंढ्याच्या स्पर्धेसाठी! शिकेकाईनं धुतला, अजून पानी आनाले गेलो त्…” पोरगा कळवळला. त्याचं नाव दुर्गेश.

“मंग कातरायच्या रांगेत बांधला कायले?” दामिनी तोऱ्यात म्हणाली, कान मात्र लाल झाले होते. “चूक झाली माही. पुरा कापून देऊ?”

दुर्गेशनं मेंढ्याकडं पाहिलं. मग तिच्याकडं — जरा जास्तच वेळ.

“नको. असाच नेतो.”

दुसऱ्या दिवशी दामिनीला निराळाच घोर होता. संध्याकाळच्या पंगतीत तिचा बाप चैतराम रायपूरच्या पाहुण्यांना तिच्या लग्नाचा शब्द देणार होता. मुलगा चांगला, मोबाइलचं दुकान. अट एवढीच, लग्नानंतर मेंढ्या बंद. तिचा जीव घरच्या कळपात होता. पण बाप म्हणायचा, “मेंढ्यांमागं फिरून कोनाचं भलं झालं?”

दुपारी दुर्गेश अर्ध्या राजाबाबूला घेऊन छाती काढून रिंगणात आला. वर माइकही मागून घेतला!

“इकडून पाहा तर उन्हाळा, तिकडून पाहा तर हिवाळा! एकाच मेंढ्यात दोन मोसम, मंडळी!”

मांडव हसून लोळला. बक्षीस काही मिळालं नाही. दामिनी पोट धरून हसली, आणि हसता हसताच तिच्या ध्यानात आलं. अगं बाई, हा माणूस आवडला आपल्याला! चांगलाच आवडला.

स्पर्धा संपताच तो मेंढा घेऊन मोहाच्या झाडाखाली आला. “आता बाकीचा काप.”

ती कापायला बसली. तो शिंगं धरून समोर… इतका जवळ, की कात्रीकडं बघणं अवघड झालं.

“आमच्यात नराची लोकर घरच्याच बाईनं कापाची रीत हाये,” तो हळूच म्हणाला. “आई गेल्यापासून याले कात्रीच लागली नोहोती.”

दामिनीचा हात थबकला. “अरे देवा! काल बोलला काऊन नाही?”

“काल बोललो असतो, तर तू रडली असती. मले तर तुले हासताना पाहाचं होतं.”

“मंग… ही दुसरी बाजू कोन म्हनून कापून राहिली मी?”

“तूच सांग ना.”

तिनं सांगितलं नाही. रायपूरचं मात्र सगळं सांगितलं. “कळप मी सोडनार नाही, हे आधीच आयकून ठेव,” असंही बजावलं.

“सोड म्हनते कोन?” दुर्गेश म्हणाला. “चाल.”

राजाबाबू पुरता कातरून झाला आणि दोघं थेट पंगतीत गेले. दामिनीच्या ओढणीला लोकर चिकटलेली तशीच.

“बाबा, शब्द देऊ नका. मले हा आवडते. अन् मेंढ्या मी सोडत नाही.”

वाढपी वरणाची बादली घेऊन उभाच राहिला. चैतरामनं दुर्गेशला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “का गा, पोट्टी रानारानात तुह्यामागं फिरन का?”

“मागं नाही जी, पुढं. मेंढ्या माह्यापेक्षा तिचंच आयकतीन.”

चैतरामनं हसू दाबायला मिशीवरून हात फिरवला; जमलं नाही. मग तो पाहुण्यांकडं वळला आणि हात जोडून म्हणाला, “पाहुने, पोटभर जेवून जा जी. शब्द मात्र… पोट्टीनंच देऊन टाकला.”