गाणारी मधोमध हवी

"जरा बाजूला सरकता का? तुम्ही आवाजाच्या वाटेत उभे आहात."

हे ती डोळे मिटूनच म्हणाली. दुकानाच्या मागच्या खोलीत एकच खुर्ची होती, तिच्यावर ती बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर हातांची घडी, आणि समोर भिंतीशी ओळीने मांडलेल्या स्पीकरच्या जोड्या. गाणं चालू असताना डावीकडचा आवाज अचानक दबला, म्हणून तिला कळलं की कुणीतरी मध्ये आलंय. त्या कुणीतरीने पटकन दोन पावलं मागे घेतली.

"आता?"

"आता ठीक. पण ही जोडी नको. दुसरी लावा."

"का? गोड वाजतेय की."

"तेच तर! बाई रडतेय त्या गाण्यात, आणि हे स्पीकर मेले हसतायत."

समोरचा खळखळून हसला. तेव्हा तिने डोळे उघडले. दुकानातला विक्रेता कधीच बाहेर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला होता. हा कुणी वेगळाच होता. बाह्या दुमडलेल्या, केसांत लाकडाचा भुसा, आणि हसताना एक भुवई दुसरीपेक्षा थोडी जास्तच वर जाणारी. दुकानाचाच माणूस असणार, असं तिने धरून टाकलं आणि फर्मावलं, "इथे बनवलेल्या, परवडतील अशा सगळ्या दाखवा. परदेशी नकोत. किंमत बघूनच माझे कान बंद होतात."

तो एकेक जोडी लावत गेला. दुसरीवर टिचकी मारून म्हणाला, "ही ऐका, पोकळ बोलतेय. पेटीच बोलायला लागली की गाण्याला कोण विचारतं?" तिसरीला म्हणाला, "ही चांगली आहे. शेजारच्या गावातला माणूस मन लावून बनवतो. फक्त बाईला थोडी सर्दी झालेली वाटते." मग आवाज अगदी कमी केला. "मोठ्या आवाजात सगळेच शूर. हळू वाजवून बघा, कोण टिकतं ते."

चौथी जोडी लागली आणि ती सावरून बसली. गाणारी बाई दोन पेट्यांच्या बरोब्बर मध्ये, हात लांब केला तर पदर हाताला लागेल अशी उभी राहिली. श्वास घेतलेला ऐकू आला. शब्द तुटताना गळा भरलेला ऐकू आला...

"ही," ती हळूच म्हणाली. "हीच."

तिने वळून पाहिलं, तर साहेबांचे कान लाल.

"काय झालं?"

"ती... माझी आहे. म्हणजे मी आणि माझी ताई बनवतो. दुकानदार म्हणाले खपत नाहीत, घेऊन जा. तीच न्यायला आलो होतो."

"म्हणजे तुम्ही इथे कामाला नाही?"

"नाही."

"आणि मी इतका वेळ तुम्हांला हुकूम सोडतेय!"

"सोडा की," तो म्हणाला. "छान सोडता तुम्ही."

आता कान लाल व्हायची पाळी तिची होती.

देवाने डोळ्यांना पापण्या दिल्या, तोंडाला ओठ दिले, कानाला मात्र काही झाकण दिलं नाही. ते दार त्याने सदा उघडं ठेवलं, कारण कोण कधी कुठल्या आवाजाने आत येईल याचा नेम नाही. पण एखादा माणूस रुसून तेही दार लावून घेतो. तिच्या बाबांनी लावलं होतं. आयुष्यभर पोरांना गाणं शिकवलेला माणूस. आधी डावा कान मंद झाला, पाठोपाठ घरातले जुने स्पीकर फाटले, आणि बाबांनी त्यांच्यावर चादर टाकून जाहीर केलं, "माझा आणि गाण्याचा काडीमोड झाला." तेव्हापासून घर नुसतं भांड्यांच्या आवाजावर चाललं होतं.

ती कोपऱ्यावरच्या दुकानात पडदे शिवायची. साठवलेल्या पैशांतून नवे स्पीकर आणते म्हणाली, तर काकांनी नाक मुरडलं. "परदेशी आण, नाहीतर आणूच नकोस. इथला माल दोन दिवसांत खोकायला लागतो. आणि एका कानाच्या माणसाला दोन पेट्या कशाला गं?"

तिने बाबांची पाठच सोडली नाही. शेवटी ते कबूल झाले. "एकदा बसेन. एकदाच. नाही पटलं तर हा विषय पुन्हा या घरात काढायचा नाही."

एकदाच... म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता.

हे सगळं तिने त्या पेटीवाल्याला दुकानाच्या पायरीवर उभं राहून सांगितलं. का सांगितलं ते तिलाही कळलं नाही. त्याने मान खाली घालून, अगदी गाणं ऐकावं तसं ऐकलं.

"डावा कान मंद आहे, मेलेला नाही," तो म्हणाला. "खुर्ची थोडी डाव्या पेटीकडे सरकवा. ही दुकानात वाजवून वाजवून घासलीय, मी नवी जोडी बनवून देतो. फक्त एक अडचण आहे. समोर लावायला बरं कापड मिळत नाही. जाड असलं की आवाज खातं, पातळ असलं की आतलं सगळं दिसतं."

"कापडाचं मला सांगता?" ती म्हणाली, आणि दुसऱ्याच दुपारी काखेत कापडांचे तुकडे घेऊन त्याच्या कारखान्यात हजर झाली.

कारखाना कसला, गिरणीमागची एक लांबट शेड. एका टोकाला ताई करवतीवर फळ्या कापत होती. तिने मान वर करून पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि पुन्हा करवतीकडे वळत म्हणाली, "अच्छा. म्हणून आज दाढी केलीय."

"ताई!"

"मी करवतीशी बोलतेय."

टेबलावर दोन नव्या पेट्या उघड्या पडल्या होत्या. त्याने एक साधा घड्याळातला सेल घेतला, त्याला जोडलेल्या दोन तारा एका जुन्या पेटीच्या मागे टेकवल्या आणि म्हणाला, "आता पुढे बघा." पेटीतला काळा पडदा टुपकन बाहेर आला. तारा काढल्या, पडदा मागे गेला. "दोन्ही पेट्यांचा बाहेरच यायला हवा. एकाचा बाहेर आणि एकाचा आत गेला, तर दोघं एकमेकांचा आवाज खातात. म्हणून शेवटी प्रत्येक जोडी अशी तपासल्याशिवाय मी बंद करत नाही."

"माणसांचंही तपासता येतं का असं?"

"सेल लावून?"

"नाही... बाहेर येतात की आत जातात ते."

त्याच्या हातातली तार घसरली. तिने घाईघाईने कापडं काढली. "हे बघा, कापड कसं निवडायचं ते. तोंडासमोर धरायचं आणि फुंकायचं." तिने एक राखाडी तुकडा दोन्ही हातांनी ताणून धरला आणि फुंकर मारली. पलीकडे त्याच्या कपाळावरचे केस उडाले. केसांतला भुसाही उडाला. ती हसू लागली. मग दुसरा तुकडा, मग तिसरा... प्रत्येक वेळी तो डोळे मिटून उभा, आणि प्रत्येक वेळी थोडा जवळ.

"हे," तो डोळे न उघडताच म्हणाला. "यातून सगळं पोचतंय."

तिकडे करवत केव्हाच थांबली होती.

तो आत तारा जोडत गेला, ती शेजारच्या स्टुलावर बसून चौकटींवर कापड चढवत गेली आणि अखंड बोलत राहिली. गिऱ्हाइकांच्या गमती, काकांच्या नकला, लहानपणी सूर चुकला की बाबा कसे नुसता डोळा बारीक करून पाहायचे ते. संध्याकाळी जोडी तयार होऊन रिक्षात चढली, तेव्हा दोघांनाही वाटलं, एवढ्यात कशी झाली?

रविवारी सकाळी बाबा बसले. त्यांनी आधीच सांगितलं होतं, परका माणूस समोर नको. म्हणून पेटीवाला आदल्या संध्याकाळीच पेट्या दारात ठेवून परत गेला होता. त्याने सांगितल्याप्रमाणे तिने लालला लाल, काळ्याला काळी तार लावली. खुर्ची डावीकडे सरकवली. काका हाताची घडी घालून भिंतीला टेकले. तिने मनातल्या मनात देवाला हाक मारली आणि गाणं लावलं.

आणि गाणारी बाई आलीच नाही.

आवाज येत होता, पण तो कुठेच नव्हता. भिंतीत, छतात, शेजाऱ्यांकडे... पातळ, पाणी घातल्यासारखा. तबला तर कुणी उशीवर वाजवावा तसा. बाबा एक कडवंभर बसले. मग उठले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझा दोष नाही, बाळ. माझा कानच गेला." आणि आत निघून गेले.

"मी काय म्हणालो होतो?" काका म्हणाले.

बाबा रागावले असते तरी चाललं असतं. पण ते कानाला दोष देऊन गेले होते, आणि आता तो विषय पुन्हा कधी निघणार नव्हता.

तिने पेटीवाल्याला फोन केला. "तुमच्या पेट्या घेऊन जा." एवढंच. आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. चेहरा उतरलेला. दारातच थबकला. "एक विचारू? नक्की कसं वाटलं?"

"कसं वाटायचं? दुकानात बाई समोर उभी होती. इथे भिंतीत गेली."

"भिंतीत?" तो एक पाऊल आत आला. "मध्ये नव्हती? आणि तबला?"

"उशीवर वाजल्यासारखा."

त्याचा चेहरा पांढरा पडला. तिने त्याच्याकडे पाहिलं. पाहतच राहिली.

"अहो... ती जोडी बंद करताना सेल लावून बघितला होतात ना?"

त्याची नजर पेट्यांवर गेली.

"बघितला होतात ना?"

"प्रत्येक जोडीला बघतो," तो पुटपुटला. "त्या दिवशी... नाही."

पुढच्या क्षणाला ती स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ उतरवत होती.

"अगं, घड्याळ का काढतेस?" काका चहाचा कप घेऊन धावले. "मला कामावर जायचंय!"

"काका, पाच मिनिटं वेळ बंद ठेवा!"

तिने सेल काढला, स्वतःच ताणून बसवलेलं कापड स्वतःच ओढून काढलं. शिलाईच्या पेटीतून आणलेल्या कात्रीने त्याने तारेचे दोन तुकडे सोलले. ती पेटीसमोर गुडघ्यांवर बसली, तो पेटीमागे. "लावा," ती म्हणाली. उजव्या पेटीचा पडदा टुपकन बाहेर आला. "आता डावी." डाव्या पेटीचा पडदा... आत गेला.

"आत गेला!" ती ओरडली, जणू खजिना सापडला. "आत गेला, आत गेला!"

त्याने डाव्या पेटीच्या मागच्या तारांची अदलाबदल केली. एक तार त्याने धरली, दुसरी तिने. मग तिने गाणं लावलं. अगदी हळू.

बाई आली. दोन पेट्यांच्या मधोमध, त्यांच्या घरात, त्यांच्या जुन्या सतरंजीवर येऊन उभी राहिली आणि गायला लागली. तबला जमिनीतून उठला आणि तळपायांतून वर चढला. काकांचा कप ओठांपाशीच राहिला.

न्हाणीघराचं दार उघडलं. बाबा बाहेर आले. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर साबण, खांद्यावर टॉवेल. कुणाकडेही न बघता ते खुर्चीपाशी गेले आणि बसले. कुणी "बसा" म्हटलं नव्हतं. साबण गालावर सुकत गेला. गाणं संपेपर्यंत ते हलले नाहीत.

"मध्ये उभी आहे," ते शेवटी म्हणाले. "बाळ, ती मध्ये उभी आहे. काल नव्हती. म्हणजे माझा कान..."

"तुमचा कान बरोबर होता, बाबा. काल खरंच नव्हती ती मध्ये!"

बाबांनी त्या डाव्या कानाला हात लावला. एखाद्या लेकराची समजूत काढावी तसा कुरवाळला. मग डोळा बारीक करून पेटीवाल्याकडे पाहिलं. "चूक कुणाची?"

"माझी," तो उभा राहून म्हणाला. "एका पेटीत तारा उलट्या जोडल्या. शोधली यांनी."

"इतकं चांगलं काम करणारा माणूस तारा उलट्या कशा जोडतो?"

"त्या वेळी... या बोलत होत्या."

"काय बोलत होती एवढं?"

त्याने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "शब्द नाही आठवत, सर. आवाज आठवतो. तेव्हापासून तोच ऐकू येतोय."

काकांनी चहाचा घोट घेतला आणि त्यांना जोराचा ठसका लागला. तिला वाटलं, जमीन दुभंगावी. आणि वाटलं, इतक्यात दुभंगू नये...

बाबांचा साबण लागलेला गाल हसला. "तुम्ही दोघं गॅलरीत जा आणि काय ते नीट बोलून घ्या. इथे खुसपुस नको. मला ऐकायचंय."

गॅलरीत ऊन होतं. दोरीवर धुतलेल्या चादरी फडफडत होत्या आणि त्यांच्याआड दोघं कठड्याला टेकून उभी राहिली.

"रागावलात?" त्याने विचारलं.

"काल खूप रागावले होते. स्वतःवर. वाटलं, मी तुम्हांला चुकीचं ऐकलं."

"आणि आज?"

"आज कळलं, बरोबर ऐकलं होतं."

त्याने कठड्यावरचा तिचा हात पाहिला. आपला हात शेजारी ठेवला. मध्ये बोटभर जागा राहिली. "मला ते... रोज ऐकायचंय. गिऱ्हाइकांच्या गमती, काकांच्या नकला. सगळं. तुमची हरकत नसेल तर... जन्मभर."

"आणि रोज तारा उलट्या जोडल्या तर? कारखाना बुडेल."

"ताई तपासेल."

ती हसली. बोटभर जागा तिनेच ओलांडली. "मग ऐक," ती म्हणाली. 'ऐका' नाही, 'ऐक'. "मी होच म्हणतेय. आता काय कापडातून फुंकून सांगू?"

तेवढ्यात आतून गाण्याच्या मागोमाग दुसरा एक आवाज निघाला. आधी चाचरत, मग सूर पकडत, मग गाणाऱ्या बाईच्या खांद्याला खांदा लावून. तिने चादर बाजूला केली. बाबा गात होते. एक हात हवेत उघडलेला, अर्ध्या गालावर सुकलेला साबण, आणि आवाज असा की समोरच्या खिडक्या एकेक करून उघडू लागल्या.

"दादा, अहो हळू!" काका ओरडत होते. "सगळी गल्ली ऐकतेय!"

"ऐकू दे!" बाबा गाण्यातूनच गरजले. "दारं उघड! सगळी उघड!"

आणि काका, बघता बघता, खरंच दारं उघडायला धावले.