तिसरी वाट

ही घटना खरी आहे. माझा मावसभाऊ सौरव याच्या बाबतीत घडलेली. चौकशी करून जेवढं हाती लागलं, तेवढंच लिहितो.

गेल्या वर्षीची खंडेनवमी. बेळगाव, उद्यमबाग. भर दुपार.

फाउंड्री बंद. यंत्रांना हळदकुंकू, झेंडूचे हार. सर्व्हर तेवढा चालू; त्याच्या कपाटालाही हार.

तो सर्व्हर सौरव सांभाळायचा. सर्व्हरपासून माहिती साठवणाऱ्या डिस्कच्या पेटीपर्यंत दोन केबल, म्हणजे माहितीच्या दोन वाटा. एक गेली, तर काम आपोआप दुसरीवरून चालतं.

त्याच्या आधी तिथं नागेंद्र होता. तेव्हा केबल एकच होती. दुसरी मागून मागून तो थकला.

मालक कुंथुनाथ अण्णांचं उत्तर ठरलेलं. "चालतंय न्हवं? मग?"

एक दिवस ती केबल गेली. ऑर्डरींची सगळी माहिती खराब झाली. ठपका नागेंद्रवर. नोकरी गेली. थोड्याच दिवसांत तो झोपेतच गेला.

दुसरी केबल त्यानंतर आली.

पुन्हा तसं झालं, तर आता सौरवची नोकरी जाणार होती. दुसरी केबल खरंच कामाची आहे, याची त्याला खात्री करून घ्यायची होती. सुट्टीमुळे ऑर्डरीही येत नव्हत्या. पूजा झालेल्या यंत्राला त्या दिवशी कुणी हात लावत नाही.

सौरवने लावला.

पहिली केबल काढली. काम दुसरीवर गेलं. बरोबर.

मग दोन्ही नसल्या तर काय होतं, ते बघायला दुसरीही काढली. आता सगळं थांबायला हवं होतं...

थांबलं नाही.

पडद्यावर तिसरी वाट दिसत होती. चालू. तिला केबलच नव्हती.

त्या खोलीत पंख्यांची घरघर कधी थांबत नाही. तेव्हा थांबली होती... आणि कीबोर्डची टकटक येत होती.

सौरवचे दोन्ही हात केबलींवर होते.

त्याने दोन्ही केबल परत जोडल्या. काम त्यांच्यावर परतलं नाही. तिसरीवरच राहिलं.

धावत जाऊन त्याने अण्णांना सांगितलं.

"माहिती गेली काय?"

"न्हाय अण्णा. पण ते चालतंय कशावर...?"

"चालतंय न्हवं? लई डोकं लावू नकोस रं. पेढा खा."

दिवाळीत सौरव रजेवर गेला. सर्व्हर एकदाही अडला नाही. परतला तेव्हा अण्णा हसत म्हणाले, "तू नसलास तरी चालतंय की रं! मग तुला कशाला ठेवायचं?"

नोकरी गेली.

त्या दोन्ही केबल आता काढून टाकल्यात, असं तिथला वॉचमन सांगतो. फाउंड्री जोरात चालू आहे.

मी शहापुरात नागेंद्रच्या आईकडे, जयाबाईंकडे गेलो. तो कधी दिसतो का, भास होतो का, विचारलं.

"मेलेलं माणूस घराकडं येतंय म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "माझा सपनातबी आला न्हाय. कामावरनं सुटला असंल तर ईल की..."

तिसऱ्या वाटेचं मी अजूनही त्यांना सांगितलेलं नाही.