डाव्या पायाचं माप

ही गोष्ट घडलेली आहे. खोटी वाटली तर वाटू द्या. पण तिच्यातले बूट घालून एक माणूस आजही रस्त्यानं फिरतो आहे.

रात्र नव्हती. अंधार नव्हता. रविवारची दुपार, तीन वाजलेले, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं.

आत एकच खोली. चामड्याचा वास, शिवणाचं जड मशीन, भिंतीला टांगलेले लाकडी पावलांचे साचे. आणि कोपऱ्यात जुना कॉम्प्युटर.

दुकान बुटांचं, पण साध्या बुटांचं नाही. एक पाय आखूड, टाच वाकडी, बोटं गेलेली, अशा पायांचे बूट मास्तर शिवायचे. प्रत्येक पाय दर सहा महिन्यांनी मोजायचे आणि एका बोटानं टाइप करून ते माप कॉम्प्युटरात ठेवायचे. वीस वर्षं. चारशे बारा माणसं.

गेल्या वर्षी मास्तर गेले. दुकान त्यांच्या बायकोनं, काकूंनी, चालवायला घेतलं. हात तयार होता, मापं तयार होती. अडायचं काही कारण नव्हतं.

मग धाकट्या दिराला हुशारी सुचली.

"वहिनी, किती रडतो हा डबा! यात लिनक्स घालतो, नवी सिस्टिम. फुकट असतं."

"फुकट कशाला? कुणी टाकून दिलंय का?"

"अहो, जगभरातली माणसं मिळून बनवतात."

"आणि मापं?"

"ती खाली तशीच राहतात. गादीवर नवी चादर घातली तर गादी जाते का?"

"तरी एक प्रत काढून ठेवा, भाऊजी."

"कशाला? यात व्हायरसच येत नाही!"

व्हायरस आलाच नाही. यायची गरजच पडली नाही. पडद्यावर स्वच्छ विचारलं होतं, सगळी डिस्क पुसून बसवू का? दिरानं न वाचता हो म्हटलं.

मापं गेली.

वर त्याचं तोंड बघा. "घाबरू नका वहिनी. ही ओपन सिस्टिम आहे. सगळ्यांना सगळं दिसतं. म्हणजे आपली फाईल जगात कुठेतरी असणारच. मागवून घेऊ."

काकूंच्या हातात चामडं कापायची रापी होती. ती त्यांनी खाली ठेवली, हे त्यांचे उपकार.

त्या चारशे बारांत एक पोस्टमन आजोबा होते. त्यांना साखरेचा आजार. त्यांच्या पायाचं एक हाड दरवर्षी थोडं बाहेर येत होतं, आणि किती येतं ते फक्त त्या जुन्या मापांत होतं. काकूंनी नव्यानं पाय मोजून बूट शिवला. आठ दिवसांत तो हाडाला लागला. जखम झाली. डॉक्टरांनी सांगितलं, भरली नाही तर पाय ठेवता येणार नाही.

"मास्तर असते तर..." एवढंच आजोबा म्हणाले.

त्या दिवसापासून काकूंच्या डोक्यात जाळ होता.

आणि दिराच्या डोक्यात भूत शिरलं. शनिवारी तो पांढराफटक होऊन धावत आला.

"वहिनी, दादा आलाय! पडद्यावरच्या काळ्या खिडकीत पासवर्ड मागतंय. मी टाइप करतोय आणि... एक अक्षर उमटत नाही. त्यातलं घड्याळही आपोआप मागे गेलंय!"

"येऊ दे त्यांना. आधी तुमचंच बखोट धरतील."

रविवारी दुपारी कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई आली. तिनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"काका, त्या खिडकीत पासवर्ड दिसतच नाही. ठिपकासुद्धा नाही. तशीच रीत आहे. घड्याळाचं म्हणाल तर आतला सेल संपलाय. भूत कुठलं?"

"पण ओपन..."

"सिस्टिम कशी बनवली, ते सगळ्यांना उघडं आहे. तुमच्या फायली नाहीत."

दिराचं तोंड बंद झालं. काकूंना त्या आठवड्यात तेवढंच बरं वाटलं.

बाईनं डिस्क बाहेर काढली. आपल्या दुकानात नेऊन काही सापडतं का बघते म्हणाली. जाताना स्वतःचा पेनड्राइव्ह लावून दिला. "यावर कॉम्प्युटर तात्पुरता चालेल. पण काकू, यात काही साठत नाही. बंद केलं की कोरी पाटी."

ती गेली. डिस्क तिच्या पिशवीत गेली.

काकूंनी कॉम्प्युटर चालू केला. कोरा पडदा. एकही फाईल नाही. त्या चामडं भिजवायला वळल्या. दीर स्टुलावर पाय हलवत बसला होता.

शिवणाचं मशीन बंद. पंखा बंद.

आणि...

टक.

काकूंना वाटलं, दिराचा चाळा.

टक... टक.

एक बोट. मग थांबणं. मग पुन्हा एक बोट.

त्या वळल्या. दिराचे दोन्ही हात मांडीवर होते. कीबोर्डसमोर कुणी नव्हतं.

"भाऊजी, हे..."

"मी नाही, वहिनी. आईशप्पथ मी नाही."

पडद्यावर तक्ता उघडला होता. मास्तरांचा तक्ता. तेच रकाने, त्याच क्रमानं. मापं आली! काकू धावत पुढे गेल्या. पोस्टमन आजोबांचं नाव शोधायला लागल्या.

एकच ओळ होती.

नाव: धाकटा. उजवा पाय: ठीक. डावा पाय...

टक. टक.

दीड इंच आखूड.

तारीख त्याच दिवसाची.

दीर हसायला गेला. "काहीतरीच! माझे पाय बघा की, सरळ..." म्हणत तो स्टुलावरून उतरला.

उजवं पाऊल जमिनीला लागलं.

डावं... लागलं नाही.

त्याच्या ओरडण्यानं समोरचा दुकानदार शटरखालून वाकून आत आला. त्यानंही ती ओळ वाचली. तो अजून साक्ष देतो. काकूंनी दुरुस्तीवाल्या बाईला फोन लावला.

"डिस्क कुठे आहे?"

"माझ्या हातात. का हो?"

काकूंनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. कोरी पाटी.

डॉक्टरांनी फोटो काढले. हाड मोडलेलं नाही, निखळलेलं नाही. मोजपट्टी लावली तर दीड इंच. "जन्मापासूनचं असेल," ते म्हणाले. चाळीस वर्षं धावणाऱ्या माणसाला!

शेवटी बूट काकूंनीच शिवला, त्या ओळीतल्या मापानं. केसाचाही फरक पडला नाही. घालताना दीर रडला. "वहिनी, दादानं मला माफ केलं नाही." काकूंनी लेस घट्ट ओढली.

डिस्कवर काही सापडलं नाही. एकही माप नाही.

पोस्टमन आजोबांचा पाय घोट्यापासून काढावा लागला.

त्या दिवशी काकू दवाखान्यातून थेट दुकानात आल्या. पेनड्राइव्ह लावला, कॉम्प्युटर चालू केला, आणि कोऱ्या पडद्यासमोर उभ्या राहून गरजल्या.

"अहो, बोट चालत होतं ना तुमचं? टाइप करता येत होतं ना? मग त्या म्हाताऱ्याचं माप का नाही लिहिलंत? चारशे बारा माणसं वाट बघत होती, आणि तुम्हाला भावाची खोड मोडायची होती! मूर्ख तो होता. तुम्ही तर शहाणे होतात!"



आता दर रविवारी तीन वाजता त्या तिथे बसतात आणि नवऱ्याला बोल लावतात. घाबरत नाहीत. राग काही निवलेला नाही.

पण भांडायला बसण्याआधी मोजपट्टी घेऊन त्या स्वतःचे दोन्ही पाय मोजतात.