वळणावरचा दिवा

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या गल्लीत रॉकेलच्या दिव्यांचे सात खांब होते. ते लावायचं काम सांडूचं. दिवेलागणीला खांद्यावर शिडी घेऊन यायचा, पटक्याच्या टोकानं काच पुसायचा, वात पेटवायचा. मी दिवाबत्तीचा कारकून. त्याच्या कामात मला एकच खोट सापडायची. पहिला खांब सोडून तो आधी शेवटच्या, चिंचेच्या वळणावरच्या खांबाकडे जायचा.

"उलटा का रे हिंडतोस?" मी एकदा विचारलं.

"पोलिस अ‍ॅक्शनच्या गडबडीत आमची सरू हर्सूलला माहेरी गेली, साहेब. येताना दिव्यापाशी वळ, म्हणलं होतं. तिच्या यायच्या सांजंला मला तिथवर पोचायला उशीर झाला. वळण अंधारात राहिलं. ती अजून आली नाय."

पंचावन्न साली विजेचे खांब आले. जुने काढायची यादी माझ्याच टेबलावर होती. सांडू म्हणाला, "येवढा एक राहू द्या." मी हो म्हणालो आणि साफ विसरलो. सातही खांबांवर सही ठोकली. खांब उपटले त्या संध्याकाळी तो शिडी घेऊन वळणावरच्या खड्ड्यापाशी उभा होता.

"तुमी व्हय म्हणले होते, साहेब," एवढंच बोलला.

महिन्याभरात तो गेला. त्याच्या तिरडीला खांदा द्यायचीही मला लाज वाटली.

वीज एका खटक्यावर सगळीकडे लागते. पण वळणावरचा नवा दिवा बाकीच्यांआधी लागायला लागला. मी घड्याळ लावून पाहिलं. दहा मिनिटं आधी. तारवाल्या फकिराला बोलावलं. खांबाखालच्या धुळीत शिडीच्या पायांच्या दोन खुणा होत्या. फकिरानं आपली शिडी अजून हातगाडीवरून उतरवलीसुद्धा नव्हती.

वर चढून तो म्हणाला, "तार ठीक हाय. पण साहेब, बल्बला रॉकेलचा वास येतोय."

मी घाबरलो. खरं सांगतो, घाबरलो.

"काढून टाक," म्हणालो.

त्या संध्याकाळी सहाच दिवे लागले. मी ओट्यावर बसलो होतो. वळणाकडून बांगड्या वाजल्या.

"अवं, दिवा लावला नाय व्हय आज?"

लांबून चालत आलेल्या बाईचा दमलेला आवाज. 'इथंच वळा,' एवढं मला म्हणता आलं असतं.

बांगड्या वळणावरून सरळ पुढं निघून गेल्या.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला मीच तिथं कंदील टांगतो. ती पुन्हा आली नाही.

सकाळी कंदील घरी आणतो तेव्हा काच काजळलेली असते. मी मुद्दाम पुसत नाही.

संध्याकाळी हातात घेतो तेव्हा ती लख्ख पुसलेली असते.