ठसका

गाडीतून धोंडबाचा खोकला ऐकू येत होता, तोवर तुळसाबाईचा जीव ठिकाणावर होता.

उमरेडच्या कोळसा खाणीत उभी हयात घालवून नवऱ्यानं हाच एक ऐवज घरी आणला होता. कोरडा, खरखरीत खोकला. तो जागा आहे की चिडलाय, हे तिला पाठमोरी असतानाही कळायचं. लकव्यानं त्याची उजवी बाजू नेली, वाचा नेली. खोकला तेवढा ठेवला.

"त्यायले गाडीतच राहू दे," ती मुलाला म्हणाली. "मी पाह्यल्याबिगर कोणी हात लावाचा नाही."

"माय, तू का इन्स्पेक्टर आहेस?" अश्विन वैतागला.

"तुह्या बापाची बायको आहो."

दिघोरीच्या पुढं, उमरेड रोडला लागून हा वृद्धाश्रम होता. बसकी, पिवळी इमारत. अश्विननं मोबाईलवर फोटो पाहूनच पसंत केली होती. धोंडबाला उचलता उचलता तुळसाबाईची कंबर कामातून गेली होती, दोनदा तर दोघंही मोरीत पडले होते. काहीतरी करणं भाग होतं, हे तीही जाणून होती. पण जागा आधी तिच्या नजरेखालून जायला हवी होती.

व्यवस्थापिका चारुशीलाबाई दारातच उभ्या होत्या. "चप्पल बाहेर," एवढंच म्हणाल्या.

तुळसाबाईनं सगळं पाहिलं. अंथरुणाला खिळलेल्यांची चादर उचलून टाचा पाहिल्या, पाठी पाहिल्या. एकही जखम नव्हती. नखं कापलेली. पाणी हाताशी. संडासात धरायला दांडी, फरशी कोरडी ठणठणीत. खोड काढायला जागाच सापडेना, तशी ती आणखी चिडली. मग तिच्या ध्यानात आलं, या घराला वासच नव्हता. मुताचा नाही, फिनाईलचा नाही, म्हाताऱ्या डोक्यांच्या तेलाचाही नाही.

मोठ्या खोलीत भिंतीला लागून म्हातारी माणसं खुर्च्यांवर बसली होती. "ह्या यमुताई," चारुशीलाबाईंनी कडेच्या बाईकडं बोट केलं.

"कसं वाटते जी इथं?" तुळसाबाईनं विचारलं.

यमुताई तिच्या डोळ्यांकडं नाही, तोंडाकडं पाहत होत्या. "तुमचा श्वास लय मोठा आहे," त्या म्हणाल्या.

"त्या असंच बोलतात," चारुशीलाबाई म्हणाल्या. "झालं ना पाहून?"

"सैपाकघर राहिलं."

सैपाकघराला खिडकी नव्हती. पंखा नव्हता. एकच दार, तेही त्या मोठ्या खोलीत उघडणारं. सैपाकीण कढईत लाल मिरच्या टाकत होती.

"धूर कुठून जाते जी?"

"आजवर धुराची तक्रार कोणी केली नाही."

"अन् आग लागली त? या म्हाताऱ्यायनं कुठून पळाव?"

"पळायला आलेली माणसं नाहीत ही."

तेल तापलं होतं. मिरच्या काळ्या पडल्या. तुळसाबाईचं माहेर भिवापूरचं. मिरचीचे देठ खुडण्यात तिचं लहानपण गेलं होतं. तरी तिला असा ठसका लागला, की डोळ्यांपुढं अंधारी आली. अश्विन तोंड दाबून बाहेर पळाला. सैपाकीण शांतपणे कढई हलवत होती.

धूर दारातून मोठ्या खोलीत गेला. नाकाला पदर लावून तुळसाबाई त्याच्यामागं गेली.

उंबऱ्यापर्यंत धूर होता. आत हवा स्वच्छ होती.

सगळ्या खुर्च्यांतली माणसं दाराकडं तोंड करून बसली होती. तोंडं किंचित उघडी. कोणी खोकलं नाही. कोणाचं नाकसुद्धा सुरसुरलं नाही.

नजर उतरवताना मिरची जळली आणि ठसका लागला नाही, तर नजर भारी समजायची. हे तिला आईनं शिकवलं होतं. पण घरभर माणसांना ठसका नाही, याला काय समजायचं, ते आईनंही सांगितलं नव्हतं.

"आमचा माणूस इथं नाही राहत," ती म्हणाली.

"तुमच्यानं होणार आहे का त्यांचं? कंबर बघा स्वतःची."

"मोडू द्या मोडली त. तुमाले काय कराचं?"

"माय, तमाशा नको करू," अश्विन दारातून म्हणाला.

ती उत्तर द्यायला वळली आणि थांबली. बाहेरून खोकला येत नव्हता.

अंगणात गाडीचं दार उघडं होतं. मागची सीट रिकामी.

"उन्हात बसले होते," चारुशीलाबाई म्हणाल्या. "आमच्या कामाच्या पोरींनी आत घेतलं."

मोठ्या खोलीत, शेवटच्या खुर्चीवर धोंडबा होता. दाराकडं तोंड करून.

अश्विन येईपर्यंत ती थांबली नाही. एकटीनं नवऱ्याच्या काखेत हात घालून त्याला उचललं. कमरेत कळ आली नाही. वजनच नव्हतं.

उमरेड रोडला कोळशाचे ट्रक धूळ उडवत होते. काचा उघड्या होत्या. धोंडबा खोकला नाही.

"पाह्य, एका घंट्यात फरक पडला," अश्विन म्हणाला. "अन् तू भांडून राहिली."

"गाडी थांबव. तो लायटर दे."

"कोणता लायटर?"

"सिगारेट पेटवतं तो. आंधळी नाही मी."

आजारी माणूस घराबाहेर काढताना नजर उतरवायला म्हणून तिनं पदराला मिरच्या बांधल्या होत्या. गाठ सोडून तिनं काचा वर करायला लावल्या आणि एक मिरची पेटवली.

अश्विन खोकत, ओकाऱ्या देत बाहेर पडला. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. जळती मिरची तिनं नवऱ्याच्या नाकाखाली धरली.

"खोका ना जी," ती म्हणाली. "एकडाव खोका."

धोंडबानं डोळे मिटून श्वास घेतला. सीटवरचा, छताखालचा सगळा धूर त्याच्याकडं वळला आणि आत गेला.

ती वाट पाहत राहिली. धूर बाहेर आला नाही.

मिरची विझली. गाडीतली हवा स्वच्छ झाली. आवाज फक्त तुळसाबाईच्या धापांचा होता.

धोंडबानं डोळे उघडले आणि तो तिच्या तोंडाकडं पाहू लागला.