फिरत्या घराची दुसरी किल्ली

अच्युतरावांचं दार बंद झालं तेव्हा त्यांनी चावीवाल्याला नव्हे, डिटेक्टिव्हला फोन केला.

फोन अर्थातच पूर्णिमेला आला. नीलेशला असे फोन येत नसत. कलबुर्गीत लग्नाआधीच्या गुपचूप चौकश्या करणारी पूर्णिमा एकटीच, राज्यशास्त्राचे प्राध्यापक मात्र गल्लीला दोन. त्यामुळे नीलेशची गावातली ओळख 'मॅडमचे मिस्टर' एवढीच उरली होती. तो बायकोचा हेवा करत नसे. फक्त तिचा फोन वाजला की त्याच्या छातीत जळजळ होई, आणि आज निदान त्या जळजळीला सांगण्यासारखं कारण होतं. आज येळवस होती.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. या दिवशी सीमेच्या अलीकडली-पलीकडली गावं घरांना कुलपं लावून रानात जातात, कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, उभारून तीत लक्ष्मी मांडतात आणि भज्जी, उंडे, आंबील असं इतकं खातात की संध्याकाळी रानातून घरी परतणं हेच एक काम होऊन बसतं. नीलेश-पूर्णिमाही कडगंचीला एका मित्राच्या रानात तेच करून आडवे झाले होते.

"मादन हिप्परग्याला या. रामकिशनच्या रानात," फोनमध्ये अच्युतराव ओरडत होते. "माझ्या गाडीला कुणीतरी कुलूप घातलंय. जळून घातलंय!"

"काका, चावीवाला बोलावलात का?"

"चावीवाला दार उघडील. माणूस उघडा पाडील का?"

अच्युतराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, मुक्काम बसवकल्याण. त्यांच्या मुलीच्या स्थळाची चौकशी पूर्णिमेनंच केली होती. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रा करतात किंवा सोसायटीत भांडतात. अच्युतरावांनी मोटारहोम घेतलं.

आणि ते होतंच हेवा वाटावं असं. हरभऱ्याच्या बांधाला लागून पांढरीशुभ्र लांबलचक गाडी उभी होती. मागच्या बाजूला लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'जळू नका, बरोबरी करा'. नीलेशनं काचेला नाक लावलं. आत गादी, बेसिन, छोटा फ्रीज, वाचायचा दिवा. घरी त्याला स्वतःचं टेबलसुद्धा नव्हतं. पेपर तो इस्त्रीच्या फळीवर तपासत असे. आतल्या घडीच्या टेबलावर कपबश्या ओळीनं मांडल्या होत्या, कोरड्या ठणठणीत. पुढं गणपतीशेजारच्या हुकाला गाडीची किल्ली लोंबत होती.

"नशीब असतं एकेकाचं," तो पुटपुटला.

"काच पुसून ठेव. तुझा श्वास उमटलाय," पूर्णिमा म्हणाली.

अच्युतराव लेसचे बूट वाजवत आले. उन्हं अजून चटकत होती, बाकीची माणसं बाह्या सारून बसली होती. यांच्या अंगात मात्र गळ्यापर्यंत बटणं लावलेला लोकरी स्वेटर. स्वेटरच्या एका खिशात फोन, दुसऱ्यात रक्तदाबाच्या गोळ्या. त्यांच्या मागून सुमतीबाई आल्या, त्या ढेकळांतून अडखळत. पायात दुसऱ्याच कुणाच्या तरी चपला.

"पूजेला अनवाणी उतरले गं, चपला आतच राहिल्या," त्या म्हणाल्या. "शालही आत, चष्माही आत. तू पूर्णिमाच ना?"

"फिरत्या घराबाहेर माणूस तीन प्रकारे अडकतो," अच्युतरावांनी साइटवर सांगावं तसं सुरू केलं. "एक, किल्ली आत आणि दार आपोआप बंद. ते इथं होत नाही. मी मुद्दाम तसली कुलपं बसवून घेतलीत. बाहेरून किल्ली फिरवल्याशिवाय एकही दार लागत नाही. दोन, किल्ली एकच असणं. माझ्याकडे दोन आहेत. तीन, दोन्ही किल्ल्या एकाच..." ते खोकले. "ते जाऊ द्या. सांगायचा मुद्दा, एक किल्ली आत दिसतेय. दुसरी या डबीत होती, ती चोरीला गेली."

पायरीखालून त्यांनी लोहचुंबकाची एक छोटी डबी ओढून काढली. "सकाळी मी सगळ्यांना डबी दाखवून सांगितलं, बघा, असं असतं नियोजन."

"सगळ्यांना?" नीलेशनं विचारलं.

"शास्त्र वाटावं लागतं, प्रोफेसर."

पूर्णिमेनं डबी उघडली. आत स्पंज, त्यावर दुकानातून येतो तसा चकचकीत प्लॅस्टिकचा पापुद्रा. तिनं त्यावरून बोट फिरवलं आणि डबी परत दिली.

"तुमचा संशय कुणावर आहे?"

"रामकिशन! शाळेपासून एका बाकावर बसलो. त्याला हे बघवत नाही. आणि आमचा विजयेंद्र, सख्खा भाऊ. तोही कमी नाही. सिद्ध करा, आणि पुढच्या येळवशीपासून या रानात आमचा पाय पडणार नाही. हिचाही नाही!"

ते बांधावर जाऊन उभे राहिले. सुमतीबाईंनी पूर्णिमेचा हात धरला.

"मिटव गं हे काहीतरी. वर्षातला हा एक दिवस माझा असतो. रामकिशनच्या शकूशी बोलायचं म्हणून बाकीचं सगळं वर्ष मी साठवून ठेवते. हे खरंच यायचे नाहीत, आणि मलाही येऊ देणार नाहीत."

"काकू, गाडीची किल्ली तुमच्याकडे कधी होती?"

"माझ्याकडे?" सुमतीबाईंना हसूही येईना. "अगं, घरच्या कपाटाची किल्लीसुद्धा यांच्या जानव्याला. एक साडी काढायची तर हे आंघोळ करून येईपर्यंत दाराशी उभं राहावं लागतं."

विजयेंद्र बीदरला बँकेत मॅनेजर. ते बाभळीखाली तोंडावर टॉवेल टाकून पडले होते.

"दादा म्हणतात तुम्ही जळता," पूर्णिमेनं विचारलं.

"जळायचो. दादाला इंजिनिअरिंगला सीट मिळाली तेव्हा." ते उठून बसले. "पण मॅडम, त्या गाडीच्या संडासाची टाकी दादा स्वतःच्या हातानं रिकामी करतो. मी एकदा बघितलं. त्यानंतर कसला हेवा राहतो हो? उलट माझाच मोबाइल आत चार्जिंगला अडकलाय."

"दुपारी काय झालं?"

"काय व्हायचंय? तीन वाजता सगळ्यांनी गाडीत चहाला यायचं, असं दादानं सांगितलं होतं. जाऊ जाऊ म्हणेस्तोवर आंबिलीनं डोळा लागला. आंबील पिऊन चहा पितं का कुणी?"

कोपीत मात्र मुंगीला शिरायला जागा नव्हती. सगळी भावकी तिथं. तरीही रामकिशननं माणसं सरकवून दोघांना बसवलं आणि नीलेशच्या हातात आंबिलीचा पेला दिला.

"मी कामून कुलूप घालू, अक्का?" तो म्हणाला. "आमच्या घराला कडी हाय, कुलूप न्हाई. अच्युत सकाळधरनं सांगायलाय, आत एशी हाय, गादी हाय, टीव्ही हाय. म्हनलं, बाबा, रानात आलास तर रानात बस की. तर म्हन्तो, तू जळायलास." त्यानं मान खाली घातली. "ल्हानपनी त्याच्या सायकलीवर जळलोय मी, न्हाई म्हनत न्हाई. त्यानंच मला शिकविली ती सायकल. आता चोर म्हनून जायलाय."

"गाडी आतून बघितलीत?"

"मी जाऊन आले की," त्याची बायको शकुबाई मधेच म्हणाली. "पायरीवर पाय ठिवला तर साहेब म्हन्ले चपला काढ. काढल्या. मग म्हन्ले पाय धू. म्हनलं ऱ्हाऊ दे, त्यापरीस देवळात जाते, तितं परसाद तरी मिळतो."

अख्खी कोप हसली. बांधावरच्या अच्युतरावांनी चटकन मान वळवून पाहिलं, आणि कुणी बघत नाहीसं वाटल्यावर बराच वेळ पाहत राहिले.

बाहेर आल्यावर नीलेशनं घसा साफ केला. "हे रामकिशनचंच काम आहे. विषम वाटपातून असूया, असूयेतून संघर्ष. मी दरवर्षी शिकवतो. डबी त्यानं बघितली होती, रान त्याचं आहे, आणि ती सायकल—"

"नीलेश, त्या गाडीवर जळणारा इथं मला एकच माणूस दिसला."

"कोण?"

"तू. पण तू कडगंचीला घोरत होतास, याची साक्षीदार मी आहे."

तिला फोन का येतात, हे नीलेशला कळत होतं. आवडत मात्र नव्हतं.

ऊन कलायला लागलं तसं पूर्णिमेनं सगळ्यांना कोपीपुढं बोलावलं. अच्युतराव वेगळे, हाताची घडी घालून उभे राहिले.

"दारं आपोआप लागत नाहीत, हे काकांनीच सांगितलं," तिनं सुरुवात केली. "एक किल्ली आत आहे. म्हणजे कुलूप लावलं ते दुसऱ्या किल्लीनं, बाहेरून. ज्याच्याकडे दुसरी किल्ली, त्याचंच हे काम."

"तेच म्हणतोय मी! डबीतून चोरली—"

"डबीत किल्ली कधी नव्हतीच, काका. स्पंजवरचा पापुद्रासुद्धा अजून निघालेला नाही. बसवकल्याणहून इथवरच्या रस्त्यानं माणसाचे मणके सुटे होतात. लोखंडी किल्ली डबीत आदळत आली असती, तर त्या पापुद्र्यावर एक तरी ओरखडा उठला असता. तुम्ही सकाळी सगळ्यांना डबी दाखवलीत. किल्ली दाखवलीत का हो?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. "डबीच दाविली," रामकिशन हळूच म्हणाला.

"मग किल्ली कुठं होती? थोडं बाजूला ठेवू. आधी बाहेर अडकलेल्या माणसांकडे बघा. अचानक अडकलेला माणूस कधी पुरा नसतो, त्याचं काही ना काही आत राहतंच. काकूंच्या पायात शकुबाईंच्या चपला आहेत. शाल आत, चष्मा आत. विजयेंद्रकाकांचा मोबाइल आत. आणि गाडीचे मालक? फोन खिशात. गोळ्या खिशात. बुटांच्या लेससुद्धा बांधलेल्या. दार कधी बंद होणार, हे ज्याला आधीपासून ठाऊक होतं असा इथं एकच माणूस आहे."

अच्युतरावांच्या हाताची घडी सुटली.

"आणि हा स्वेटर. सगळे घामानं भिजलेत, आणि तुम्ही गळ्यापर्यंत बटणं लावून. थंडीसाठी नाही. खाली पातळ सदरा आहे, त्यातून दिसलं असतं. मौल्यवान किल्ली तुम्ही कुठं बांधता, ते काकूंनी मला न विचारता सांगितलं. शिवाय चोरी झालेला माणूस आधी दार उघडायला बघतो, काका. तुम्हाला दार उघडायचंच नव्हतं. तुम्हाला कुणीतरी जळणारा हवा होता."

"पण कामून?" रामकिशनला खरंच कळेना.

"टेबलावर कपबश्या मांडल्यात, वीसेक तरी असतील. सगळ्या कोरड्या. तीन वाजले आणि कुणीच आलं नाही. पलीकडं मात्र कडब्याच्या चार पेंढ्यांत शिरायला गर्दी. 'जळू नका' असं मागं रंगवून आणलं, आणि जळायला कुणी तयारच नाही! गाडीला कुणी कुलूप घातलं, तर निदान गाडी हेवा करण्यासारखी आहे एवढं तरी सिद्ध होतं. हेवा करणारा इथं होता, रामकिशनकाका. फक्त तो गाडीचा नव्हता. तुमच्या या कोपीचा होता."

अच्युतरावांनी स्वेटरची बटणं सोडली, स्वेटर काढून बांधावर ठेवला, सदऱ्यात हात घालून जानवं ओढलं. कपाटाच्या किल्लीशेजारी गाडीची किल्ली लोंबत होती.

"दूध आटून गेलं," ते म्हणाले. "ही पण आली नाही."

"आरं, मग हाक मारायची की," रामकिशन म्हणाला.

"मारली होती."

"हॉर्न वाजविला व्हतास. हाक न्हाई."

तेवढ्यात सुमतीबाई पुढं झाल्या. नवऱ्याच्या गळ्याशी हात नेऊन त्यांनी गाठ सोडवली. जानव्यावरून दोन्ही किल्ल्या उतरवून घेतल्या.

"तिसरा प्रकार काय म्हणत होतात मघाशी?" त्यांनी विचारलं. "दोन्ही किल्ल्या एकाच माणसाकडे?"

"सुमती, लोक बघतायत."

"बघू देत. तुम्हाला तेच हवं होतं ना?" त्यांनी बांधावरचा स्वेटर उचलून खांद्यावर टाकला. "शकू, चल गं. चपला घालूनच चल."

दोघी गाडीत चढल्या. दार लागलं आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला. दिवा लागला. काचेतून सुमतीबाई फ्रीजमधून दुसरं दूध काढताना दिसल्या, आणि टेबलावरच्या ओळीतून त्यांनी दोन कप पुढं ओढले. दोनच.

अच्युतरावांनी काचेवर टकटक केली. "सुमती, स्वेटर तरी दे. गोळ्या आहेत त्यात."

आतून काहीतरी उत्तर आलं, पण दोघींच्या हसण्यात ते बुडालं. खिडकीची फट किलकिली झाली, गोळ्यांचं पाकीट बाहेर पडलं आणि खिडकी पुन्हा लागली.

ज्वारीवरून गार वारा सुटला होता. अच्युतराव पातळ सदऱ्यात कुडकुडत उभे होते.

"काका, चावीवाल्याला फोन करू?" नीलेशनं विचारलं. आज पहिल्यांदाच त्याला त्या गाडीचा हेवा वाटत नव्हता.

"नको." अच्युतरावांनी बूट काढून कोपीच्या बाहेर ठेवले. "माझाही फोन आतच राहिलाय."

रामकिशन कडब्याकडे सरकला. तिथं तीळभर जागा नव्हती, तरी झाली. मग त्यानं आपल्या अंगावरची घोंगडी उकलून तिचं एक टोक मित्राकडे दिलं.